ट्रॅक्टर बिघडला नव्हता

हे गेले ती बातमी मला कुणी दिली नाही, कारण मी तिथंच होते, हॉस्पिटलच्या खुर्चीत, त्यांचा एक मोजा हातात धरून. बातमी द्यायचं काम मात्र माझ्याकडं आलं. मार्च अर्धा सरला होता, बाहेरचा बर्फ राखाडी पडलेला, आणि मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून एकामागून एक फोन करत होते. सांगलीला दीर, पुण्याला नणंद, मग इथं कॅनडातल्या मराठी मंडळातली माणसं. आणि बघा, प्रत्येकानं जरा थांबून एकच वाक्य म्हटलं, "सुमनताई, तुम्ही फार केलंत हो त्यांचं." शोकसभेत तर डॉक्टर सबनीस, म्हणजे आमचे चाळीस वर्षांचे स्नेही, उभे राहून म्हणाले की शेवटच्या वर्षात मधुकररावांची बुद्धी साथ देईनाशी झाली होती, पण वहिनींनी त्यांना तळहातावरच्या फोडासारखं जपलं. सगळ्यांनी माना हलवल्या. मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, दुःखानं घातली.

आता मंडळाच्या अंकाच्या पुरवणीच्या संपादकबाई म्हणाल्या, "त्यांच्याबद्दल चार शब्द लिहा." मी काही लिहिणारी बाई नाही. मॅट्रिक झाले आणि लग्न झालं, पुढचं सगळं वाचन लायब्ररीतल्या पुस्तकांवर आणि स्वयंपाकाच्या वेळात. तेव्हा जसं बोलते तसंच लिहिणार. चार शब्दांत भागणार नाही, आणि त्यांच्याबद्दल खरं लिहायचं तर माझ्याबद्दल लिहावं लागेल... तिथंच पेन अडतंय. पण सबनीस जे बोलले ते खोटं आहे, आणि ते खोटं आहे हे या जगात मला एकटीला माहीत होतं.

हे सांगलीचे, मेकॅनिकलचे डिप्लोमावाले. आम्ही सत्तरच्या दशकात आलो तेव्हा इथं आपली जी मराठी माणसं होती ती सगळी डॉक्टर, प्रोफेसर, मोठे इंजिनिअर. हे कारखान्यात मशिनं दुरुस्त करणाऱ्या विभागात. पहिल्याच पिकनिकला एका बाईंनी मला विचारलं, "मिस्टर इंजिनिअर का?" मी म्हटलं, "हो, तसंच." हे मागंच उभे होते, कणीस भाजत. परत येताना गाडीत म्हणाले, "तसंच म्हणजे कसंच गं?" मी खिडकीबाहेर बघत बसले. ते हसले आणि विषय सोडून दिला. त्यांचं तसं होतं, टोमणा एकदाच, आणि तोही अर्धा. पण त्याच हिवाळ्यात सबनीसांचा फर्नेस, म्हणजे घर गरम ठेवणारं यंत्र, ऐन थंडीत बंद पडला, दुरुस्तीवाला दोन दिवस येणार नव्हता, घरात तान्हं मूल. हे गेले, बेसमेंटमध्ये गुडघ्यावर बसले, आणि सबनीस डॉक्टर कोट घालून त्यांना टॉर्च धरून उभे. तासाभरानं घर गरम झालं. तेव्हापासून मंडळात कुणाचं काही अडलं, फर्नेस असो, वॉशिंग मशीन असो, की फोन आमच्याकडं. मधुकररावांना विचारा. डिग्री कुणाकडं काय आहे हे कुणी नंतर विचारलं नाही. त्यांचा मान त्यांच्या हातात होता, म्हणजे अगदी खरोखरच्या हातांत, दहा बोटांत. हे मी आधीच सांगून ठेवते, म्हणजे मी काय घालवलं ते कळेल.

निखिल, आमचा एकुलता एक, कॉलेजला गेला आणि आम्ही टोरोंटोजवळ व्हिटबीच्या वरच्या अंगाला घर घेतलं. घर बेताचं, पण जमीन केवढी, मागं उतार, कडेनं सीडरची झाडी. ढकलायच्या मशीननं ते गवत कापायचं म्हणजे इकडून तिकडं जाईपर्यंत इकडचं वाढायचं. मग यांनी बसायचा लॉन ट्रॅक्टर घेतला, जुना, लाल, आणि घरात दुसरं मूल आल्यासारखं झालं. दर एप्रिलला त्याचं ऑइल बदलायचं, प्लग काढून तारेच्या ब्रशनं घासायचा, पाती काढून कानशीनं धार लावायची. थंडी सुरू झाली की बॅटरी काढून बेसमेंटमध्ये आणायची, माझ्या लोणच्याच्या बरण्यांशेजारी. शेजारचा गॉर्डन, रिटायर्ड ट्रकवाला, भला माणूस, तो कुंपणावर कोपर टेकून म्हणायचा, "माइक, तुझ्या ट्रॅक्टरला माझ्यापेक्षा चांगला डॉक्टर आहे." मधुकरचं माइक त्यानंच केलं होतं.

मीही चालवायची. मला फार आवडायचं. पण एक भानगड होती. त्या सीटखाली एक बटण असतं. माणूस बसला की ते दाबलं जातं, उठला की सुटतं, आणि सुटलं की इंजिन बंद पडतं. कुणी पडलं-बिडलं तर खाली पाती फिरत राहू नयेत म्हणून. आता मी पंचेचाळीस किलोची. जरा खड्डा आला की मी सीटवरून उडायची आणि ट्रॅक्टर गप्प. सुरू करा, पुढं जा, गप्प. हे गॅरेजच्या दारात उभे राहून हसत होते. म्हणाले, "तू बसलीयस हेच त्याला पटत नाही."

"मग त्याला सांगा, घरात सगळं मीच चालवते म्हणून," मी म्हटलं.

त्यांनी सीट उचलली, बटणाकडं जाणारा प्लग सोडवला, आणि त्याच्या दोन भोकांत बोटभर तारेचा तुकडा वाकवून घातला. वरून काळी टेप, अगदी नीट, पट्ट्यावर पट्टा. "हे नियमात बसत नाही," म्हणाले, "पण आता कुणी बसलं काय न बसलं काय, इंजिनाला वाटणार बसलंय. तू मात्र आधी किल्ली बंद करायची, मग उतरायचं. वचन दे." मी वचन दिलं आणि पाळलंही. पुढं दहा-बारा वर्षं ते बटण आमच्या डोक्यातून गेलंच. यांच्या तर कायमचंच गेलं. जे स्वतःच्या हातानं निकालात काढलं त्याकडं हे पुन्हा बघत नसत.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. माझी आई मिरजेची. वडील तापट. आईनं लग्नात मला दागिन्यांपेक्षा जपून एक गोष्ट दिली. म्हणाली, "सुमे, पुरुषाला तोंडावर नाही म्हणायचं नाही. वस्तू संपली म्हणावं." वडिलांची तपकीर ती तांदळाच्या डब्यात पुरून ठेवायची आणि म्हणायची, संपली वाटतं. भांडण नाही, तंटा नाही. मीही संसार तसाच केला. यांना साखरेचा त्रास सुरू झाला तेव्हा मी कधी म्हटलं नाही की गोड खाऊ नका. मी म्हणायची, "पेढे संपले." पेढे कपाटात वरच्या फळीवर, चाळणीमागं. सबनीसांच्या पार्टीला जायचं नसलं की म्हणायची, "गाडीचा आवाज येतोय हो कसलातरी." हे बॉनेट उघडून बसायचे, आणि पार्टी जायची. आम्हां बायकांत या गोष्टी आम्ही कौतुकानं सांगत होतो एकमेकींना. पंचेचाळीस वर्षांत मी यांना सरळ "नाही" म्हटल्याचं मला आठवत नाही. याचा मला अभिमान होता, बरं का. लोक म्हणायचे, काय जोडा आहे, कधी आवाज नाही घरात.

तर, दोन हजार सोळाच्या शेवटी यांचं हृदयाचं ऑपरेशन झालं. घरी आले ते निम्मे होऊन. डॉक्टरांनी सांगितलं, चाला, फिरा, पण उन्हात कष्ट नकोत, चढउतार नको. हिवाळा गेला. पुढचा उन्हाळा म्हणजे कॅनडाला दीडशे वर्षं झाली तो. सगळ्या गल्लीत झेंडे लागायला लागले होते, आणि मेच्या पहिल्या उन्हात यांनी ट्रॅक्टर बाहेर काढला. मी खिडकीतून बघत होते. मागच्या उतारावर त्यांचं डोकं एका बाजूला कललं आणि ट्रॅक्टर सरळ सीडरच्या झाडीत घुसला. मी पळत गेले, पण गॉर्डन माझ्या आधी पोचला होता, त्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. हे सीटवरच होते, घामानं भिजलेले. "चक्कर नाही," म्हणाले, "झाडी बघत होतो." मग मला हळूच, "निखिलला सांगू नकोस." गॉर्डन माझ्याकडं बघत होता. मला सारखं दिसत होतं की हे पडले असते तर ती पाती थांबली नसती. थांबायची सोयच आम्ही काढून टाकली होती.

इथं मी काय करायला हवं होतं ते मला आज स्वच्छ दिसतं. मी म्हणायला हवं होतं, "अहो, मला भीती वाटते. ती तार काढा आणि बटण परत जोडा, आणि उतारावर जाऊ नका." एवढंच. ते सुरक्षिततेचे फार पक्के होते, आयुष्य मशिनांत गेलेलं. चिडले असते, दोन दिवस बोलले नसते, आणि तिसऱ्या दिवशी स्वतः बटण जोडलं असतं. मी त्यांना ओळखत होते. पण मला आईचंच सुचलं. दुसऱ्या दिवशी हे दुपारी पडले होते तेव्हा मी गॅरेजमध्ये गेले, सीट उचलली, टेप सोडवली, तारेचा तुकडा काढला. आणि मग मी ती टेप परत गुंडाळली. त्यांच्यासारखीच, पट्ट्यावर पट्टा. बटण सुटंच ठेवलं, म्हणजे आता कुणी बसलं तरी इंजिनाला वाटणार सीट रिकामीच आहे. तारेचा तुकडा मेथीच्या डब्यात टाकला. मनात म्हटलं, ट्रॅक्टर संपला.

मला वाटलं होतं, आठवडाभर खटपट करतील आणि कंटाळतील. निखिल टोरोंटोहून फोनवर कधीचा म्हणतच होता, गवत कापायला कुणीतरी लावू या. पण झालं काय, ट्रॅक्टर पूर्ण बंद पडला असता तर गोष्ट वेगळी होती. तो सुरू व्हायचा. ब्रेकवर पाय ठेवून किल्ली फिरवली की छान सुरू व्हायचा, आणि निघायला म्हणून ब्रेकवरून पाय उचलला की गप्प. ब्रेक दाबलेला असेपर्यंत इंजिन सीटवर कुणी आहे का ते बघतच नाही. हे मी ठरवून केलं नव्हतं, मला एवढं कुठलं कळायला. पण त्यामुळं यांना वाटलं, इंजिन तर जिवंत आहे, भार आला की मरतंय, म्हणजे पेट्रोल पुरत नाही. आणि ते त्या वाटेनं निघाले. आधी जुनं पेट्रोल काढून ताजं भरलं. मग फिल्टर. मग टाकीच्या झाकणाचं भोक बुजलंय का ते. मग कार्ब्युरेटर काढला, माझ्या जुन्या पातेल्यात भिजत घातला, त्याची केसासारखी भोकं तांब्याच्या एका बारीक तारेनं साफ केली. जोडला. सुरू. पाय उचलला. गप्प.

जूनमध्ये प्लग नवा झाला, पेट्रोलची नळी नवी झाली. जुलैत त्यांनी इंजिनाचं वरचं झाकणच उघडलं आणि व्हॉल्व्हची फट मोजायला बसले. त्यासाठी पोलादाच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा असतो, पानांसारखा. हात थरथरायचा म्हणून मला म्हणाले, "टॉर्च धर जरा." मी धरला. मी संपूर्ण उन्हाळा टॉर्च धरला. एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात त्यांच्या गोळ्यांची वेळ झाली की पाण्याचा पेला. "इकडं पाड उजेड," म्हणाले की तिकडं पाडायची. एकदा टाकी बघायला त्यांनी सीट उचलायला सांगितली. मी उचलली. ती काळी टेप समोर आली. त्यांनी चष्म्यावरून तिच्याकडं बघितलं, स्वतःच्या हातचं काम ओळखू यावं तसं बघितलं, आणि म्हणाले, "टाक खाली." तेव्हा बोलता आलं असतं. वाक्य तोंडात आलं होतं. मी सीट खाली टाकली आणि म्हटलं, "चहा ठेवू?"

गॉर्डन म्हणाला, दुकानात नेऊन दाखव. हे म्हणाले, "माझा ट्रॅक्टर मी दुकानात न्यायचा?" पुढं तो नुसता कुंपणावरून हात करायला लागला. निखिलनं गवत कापणारी कंपनी लावली. दर गुरुवारी त्यांचा ट्रक यायचा, वीस मिनिटांत सगळं साफ करून जायचा, आणि तेवढी वीस मिनिटं हे गॅरेजचं दार आतून खाली ओढून बसायचे. मी जे मिळवायला निघाले होते ते मला मिळालं होतं. हे उतारावर जात नव्हते. रात्री मला झोपही लागायची, हे खोटं कशाला सांगू.

ऑगस्टमध्ये निखिल यांना फॅमिली डॉक्टरकडं घेऊन गेला. मीही होते. डॉक्टरांनी सहज विचारलं, विसरायला वगैरे होतंय का. निखिल म्हणाला, "ही कान्ट फिक्स हिज ओन ट्रॅक्टर एनीमोर. ऑल समर." त्याच्या आवाजात काळजीच होती, पोराचा दोष नाही. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर काहीतरी लिहिलं. यांना घड्याळ काढायला लावलं, वर्ष विचारलं, शब्द परत म्हणायला लावले. सगळं बरोबर आलं. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, पण लक्ष ठेवू. परत येताना हे मागच्या सीटवर बसले होते. मग मराठीत, मला, "तू सांगितलंस त्याला?" मी म्हटलं, "त्याला दिसतंच की." घरी आल्यावर त्यांनी गाडीची किल्ली काढून स्वयंपाकघरातल्या वाडग्यात ठेवली. "ज्याला एका सिलिंडरचं इंजिन कळत नाही त्यानं हायवेवर जाऊ नये," म्हणाले. कुणी मागितली नव्हती किल्ली. त्यांनीच ठेवली.

त्यानंतर मी रोज ठरवत होते. गणपती झाले की सांगेन. दिवाळी झाली की सांगेन. पण कसं असतं, पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर ती बायकोची लबाडी होती, हसून गेली असती. सहा महिन्यांनी तिला काय म्हणायचं? आणि ते शांत झाले होते हो. हात खिशात घालून चालायचे. नोव्हेंबरात सबनीसवहिनींचा फोन आला, फर्नेस आवाज करतोय, मधुकररावांना जरा विचारता का. मी फोन यांच्या हातात दिला. मला वाटलं, जातील, बरं वाटेल. हे म्हणाले, "वहिनी, दुसऱ्या कुणाला बोलवा. माझ्याच्यानं आता होत नाही." आणि फोन माझ्याकडं दिला, हळू, काच असल्यासारखा. सबनीस शोकसभेत जे बोलले ते या फोनवरून. त्यांनी ऐकलेलंच सांगितलं. ऐकवलं मी.

मार्चमध्ये श्वास लागायला लागला, हॉस्पिटलमध्ये नेलं. शेवटच्या सकाळी जागे होते. मला म्हणाले, "बॅटरी आत आणलीस का?" ट्रॅक्टरची. त्या वर्षी कुणी आणली नव्हती, ती गॅरेजमध्येच गोठून पडली होती. मी म्हटलं, "आणली." ते म्हणाले, "बरं केलंस. पुढच्या वर्षी विकून टाका, मला काही तो..." आणि हात नुसता हलवला. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. नर्स नव्हती, निखिल कॉफी आणायला खाली गेला होता. मला पूर्ण पाच मिनिटं मिळाली होती. मी त्यांचा मोजा सरळ करत बसले.

लोक अशा वेळी म्हणतात, त्यांना सगळं कळत होतं हो, ते बोलले नाहीत इतकंच. माझ्या मनातही ते येऊन गेलं, गोड लागतं ते. पण नाही. मी त्यांना ओळखते. कळलं असतं तर ते गॅरेजमधून हाक मारत आले असते आणि पोट धरून हसले असते. त्यांना कळलं नव्हतं.

एप्रिलच्या शेवटी गवत हिरवं झालं. निखिल म्हणाला, गॅरेज रिकामं करू, ट्रॅक्टरची ऑनलाइन जाहिरात टाकतो. त्यानं मला फोनवर दाखवली. खाली लिहिलं होतं, नॉट रनिंग, फॉर पार्ट्स ओन्ली, म्हणजे बंद पडलेला, सुट्या भागांपुरताच. मी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हटलं, रविवारपर्यंत थांब. मग मेथीच्या डब्यातून तार काढली. गॉर्डनला बोलावलं. त्यानं चार्जर आणला, बॅटरी दिवसभर लावून ठेवली. संध्याकाळी, उजेड असतानाच, मी सीट उचलली, टेप सोडवली, तार दोन भोकांत बसवली. गॉर्डन बघत होता. मी वर चढून बसले, ब्रेक दाबला, किल्ली फिरवली.

पहिल्या फटक्याला सुरू झाला. मी ब्रेकवरून पाय उचलला आणि ट्रॅक्टर चालायला लागला. ड्राइव्हवेवर आला, गवतावर आला. आणि आवाज... मी त्या इंजिनाचा आवाज वीस वर्षं ऐकलाय, तो खोकायचा, उतारावर धापा टाकायचा. आता एकसारखा, घट्ट, शिवणयंत्रासारखा. सगळंच नवं होतं त्यात. नळी, प्लग, फिल्टर, त्या केसासारख्या भोकांतली घाण गेलेली, व्हॉल्व्हची फट कागदाच्या जाडीएवढी बरोबर. थरथरत्या हातांनी केलेलं एकही काम चुकलं नव्हतं. गॉर्डननं टोपी काढली. "बेस्ट आय एव्हर हर्ड इट," म्हणाला. मी किल्ली बंद केली, उतरले, आणि गवतातच बसले. तो बिचारा समजला, नवऱ्याची आठवण आली. तीही आली होती.

चार्जरची वायर आवरून ठेवायला म्हणून मी गॅरेजमधलं त्यांचं लाकडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला ते पेन्सिलीनं काहीतरी लिहीत असत, ते मला माहीत होतं. कधी वाचलं नव्हतं. ऑइल आणि फिल्टर, त्यात वाचायचं काय. त्या दिवशी वाचलं. वीस वर्षांचं, बारीक अक्षरात, मराठीत. बरंच वर, पुसट झालेली एक ओळ, "सुमन वजनाला हलकी. सीटचं बटण बाद केलं." आणि अगदी खाली, मागच्या उन्हाळ्यापासूनच्या अकरा ओळी. ताजं पेट्रोल, फरक नाही. कार्ब्युरेटर साफ, फरक नाही. व्हॉल्व्ह, फरक नाही. शेवटची ऑक्टोबरातली, "कारण सापडलं नाही. बहुधा माझंच चुकतंय."

पेन्सिल दोरीला बांधलेली होती. मी त्याखाली लिहिलं. उभ्यानं लिहायची सवय नाही, अक्षर वाकडं आलं. लिहून झाल्यावर वाटलं, झालं, सांगून टाकलं. इतकी मी अजून लबाड आहे, की दाराला सांगितलं आणि मोकळी झाले.

रविवारी निखिल आला. मी म्हटलं, जाहिरात बदल, ट्रॅक्टर चालतो. त्याला पटेना. "आई, बाबा ट्राइड फॉर मंथ्स." मी किल्ली फिरवून दाखवली. तो नुसता इंजिनाकडं बघत राहिला, मग माझ्याकडं. "हाऊ?" मी कपाटाचं दार उघडलं आणि बोट ठेवलं. तो वाकला, डोळे बारीक केले. आणि मग सरळ झाला. मी विसरलेच होते. तो इथं जन्मलेला, मराठी बोललेलं कळतं, पण वाचता कुठं येतं त्याला.

"व्हॉट डझ इट से, आई?"

मी चष्मा काढून पदराला पुसला, परत लावला. आधी त्यांची शेवटची ओळ वाचली. मग माझी वाचली. "तुमचं काही चुकलं नव्हतं. सीटखालची तार मी काढली होती आणि तुम्हाला सांगितलं नाही. तुमचं इंजिन उत्तम चाललंय. सुमन."

निखिल दारावरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत उभा होता, त्यांच्या, माझ्या नाही. मग मराठीत म्हणाला, "बाबांची परत वाच." मी परत वाचली. त्यानं खिशातून फोन काढला, ती जाहिरात काढून टाकली, आणि शोकसभेत ते बोललेल्या सबनीसकाकांचा नंबर लावून फोन माझ्या हातात दिला. माझ्या ओळीबद्दल तो अजून काही बोललेला नाही.